चौथे वस्त्र

गेल्या ज्येष्ठात माझा भाचा हिमाचलातील हामटा खिंडीच्या पदयात्रेस निघण्याची तयारी करीत होता, आणि त्या तयारीतील कपड्यांची बाब माझ्यासारख्या जुन्या डोंगरभटक्याच्या नजरेखालून जावी म्हणून त्याने मला पुण्यातील गिर्यारोहण-साहित्याच्या एका दुकानात नेले. सुमारे ४२७० मीटर उंचीची ही खिंड लोक ऐन पावसाळ्यातही ओलांडतात. कुलूच्या बाजूने चढताना पाऊस, चिखल आणि ओले ढग यांची अखंड सोबत, आणि माथा ओलांडून लाहौलात उतरावे तो कोरडी, रुक्ष, वाऱ्याने सोलून काढलेली भूमी, असा तिचा दुहेरी स्वभाव आहे. दुकानातील फळीवर फ्लीसच्या जाकिटांच्या घड्या रचून ठेवल्या होत्या. "मामा, शंभरचं घेऊ, दोनशेचं की तीनशेचं?" भाच्याने विचारले. हे आकडे किमतीचे नसून एक चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधील वजनाचे असतात, एवढे मला ठाऊक होते; परंतु माझ्या उत्तराची वाट न पाहताच दुकानदाराने "डोंगरातल्या थंडीचं काही सांगता येत नाही काका, दोन प्रकारची दोन असू द्या," अशी तोड सुचवली, आणि भाच्यानेही मान डोलावून खिशातील फेरिस्त बाहेर काढली. तीत अंगालगतचे थर्मल दोन, फ्लीस दोन, आईने विणलेला स्वेटर एक, पिसांचे जाकीट एक, रेनकोट एक, आणि तो फाटलाच तर असावा म्हणून पोंचो एक, इतका ऐवज नोंदलेला होता. ती वाचता वाचता माझ्या ध्यानी आले की थंडीने लिहवलेल्या कलमांपेक्षा भयाने लिहवलेली कलमेच तीत अधिक आहेत. आणि भयाच्या हाती एकदा दप्तर दिले की त्यातील नोंदींना अंत राहत नाही.

मनुष्याला किती पुरे, हा प्रश्न आपण सहसा अर्थशास्त्राच्या किंवा गृहव्यवस्थेच्या खात्यात टाकून मोकळे होतो. परंतु ज्याला आपले सर्वस्व आपल्याच पाठीवर घेऊन दिवसभर चढ चढावयाचा आहे, त्याच्यापुरता तरी तो मूळच्या रूपात, म्हणजे धर्माचा प्रश्न होऊन उभा राहतो, कारण तेथे प्रत्येक अधिक वस्तूचा जमाखर्च खांद्यांवर तत्काळ मांडला जातो आणि प्रत्येक उण्या वस्तूची वसुली रात्री होते.

आधी त्या वस्तूचाच थोडा विचार करू. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्याचे विणलेले कापड. त्याचा पृष्ठभाग बारीक तारांनी विंचरून केसाळ करतात आणि मग ते केस एका उंचीवर कातरतात. त्या दाट लवेमध्ये हवा अडकून राहते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार आळशी वाहक असल्यामुळे अंगाची ऊब अंगापाशी राहते. पाणी तीच उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून नेते. म्हणूनच ओला सुती सदरा अंगाला चिकटला की तो वस्त्र न राहता चोर होतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टरचा धागा मात्र शेकडा एक इतकेही पाणी स्वतःत मुरू देत नाही, त्यामुळे भिजलेले फ्लीस पिळून झटकले की बरेचसे कामाचे होते. मी घडीतले एक जाकीट उचलले, त्याची पाठ ओठांशी धरली आणि फुंकर मारली. ती पलीकडे धरलेल्या तळहाताला जशीच्या तशी लागली. भाच्याचा चेहरा उतरला. "अरे, मग हे वाऱ्यात काय कामाचं?" एकट्याने काहीच कामाचे नाही, हे त्याचे उत्तर. अंगालगत घाम वाहून नेणारे एक, मध्ये हवा धरून ठेवणारे एक, आणि बाहेर वारा-पाऊस अडवणारे एक, अशी तीन वस्त्रे मिळून एक निवारा होतो. त्यातले कोणतेही एक स्वतःच्या बळावर पूर्ण नाही.

यातही एक गोष्ट अशी आहे की जिच्याशी विचार क्षणभर थबकतो. कापड ऊब निर्माण करीत नाही. मृतदेहावर दहा घोंगड्या घातल्या तरी तो उबेला येत नाही. आपण ज्याला उबदार कपडा म्हणतो तो आपल्याच जठराग्नीचे धन आपल्यापाशी सांभाळून ठेवणारा कारकून होय, आणि ते धन तो ज्या पेटीत ठेवतो ती पेटी म्हणजे रिकामी हवा. आमच्या माणदेशातील धनगर दख्खनी मेंढीची लोकर कातून, मागावर विणून, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली घोंगडी डोक्यावरून घेऊन भुरभुर पावसात मेंढरांमागे तासन्‌तास उभा राहतो, तेव्हा तोही याच पोकळीच्या आश्रयाला असतो. पोकळी दबली, भिजली, की ऊब संपली; म्हणून कपड्यांवर कपडे आवळून घालणाऱ्याला पुष्कळदा कमी कपडे सैल घालणाऱ्यापेक्षा अधिक थंडी वाजते. अधिकाने उणे होण्याची ही रीत परमार्थातही अनेकांच्या अनुभवाची असावी.

ती मला तरुणपणी हरिश्चंद्रगडाने शिकवली. श्रावणातला पाऊस, १४२४ मीटरांचा गड, आणि मी भयाच्या फेरिस्तीप्रमाणे सजलेला: गंजिफ्रॉक, सुती सदरा, त्यावर स्वेटर, त्यावर रबरी रेनकोट. बाहेरून थेंबही आत आला नाही. परंतु चढाच्या श्रमाने आतून जो घाम सुटला त्याने माझा सारा परिग्रह, थरामागून थर, भिजवून टाकला. माथ्यावरच्या गुहेत पोचेपर्यंत काही कळले नाही. चालणे थांबले आणि पावघटकेत हुडहुडी भरली. बुटाची नाडी सुटेना, कारण बोटे माझी राहिली नव्हती. हवा काही गोठवणारी नव्हती. ओले अंग, वारा आणि विश्रांती ही तिघे एकत्र आली की प्राण धोक्यात येण्यास बर्फ लागत नाही. देहाचे तापमान सदतिसावरून पस्तिसाच्या खाली उतरले की बुद्धीच बेदखल होऊ लागते. आमचा म्होरक्या सबंध चढ एका पातळ सदऱ्यावर चढला होता, आणि निघताना तो कुडकुडत होता म्हणून मी त्याला हसलोही होतो. त्याने आता पाठपिशवीच्या तळातून प्लास्टिकच्या थैलीत गुंडाळलेले कोरडे कपडे काढले, ते अंगात चढवले, आणि दुसऱ्या थैलीतून आणखी एक लोकरी अंगरखा काढून माझ्या अंगावर टाकला. मी संकोचलो. "घे रे," तो म्हणाला, "हा माझा नाही. ज्याला लागेल त्याचा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याहून विलक्षण गोष्ट पाहिली. बाहेर पाऊस तसाच होता. त्याने अंगावरचे कोरडे कपडे उतरवले, घडी करून थैलीत कोंबले, आणि रात्रभर दोरीवर लोंबत राहिलेला गार, ओलाचिंब सदरा, दात आवळून, पुन्हा अंगात घातला. मला ते तप वाटले. आज कळते की त्यात तपाचा अंशही नव्हता. कोरडे वस्त्र पुढच्या मुक्कामाला कोरडेच राहिले पाहिजे, इतका साधा हिशेब त्यामागे होता. मात्र तो हिशेब करण्यासाठी आजचे सुख आणि उद्याची रात्र यांना एका तागडीत घालावे लागते, आणि तसे ज्याला करता येते त्याला आपण संयमी म्हणतो.

आता धर्मांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली त्यांकडे वळू. एक उत्तर शून्याचे आहे. दिगंबर मुनी वस्त्राची बाबच आपल्या दप्तरातून खोडून टाकतो. श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रातही महावीरांनी एक वर्ष आणि एक महिना वस्त्र धारण केले व नंतर त्याचाही त्याग केला, असे सांगितले आहे. या उत्तराची भव्यता मी नाकारीत नाही. परंतु ते ज्याने त्याने स्वतःपुरतेच द्यावयाचे उत्तर आहे. दुसरे उत्तर सहनशीलतेचे. गीतेत अर्जुनाला शीत आणि उष्ण ही येणारी-जाणारी आहेत, ती सोस, असा उपदेश केला आहे. परंतु ज्याला हा उपदेश केला तो रथात बसलेला क्षत्रिय होता, आणि या वचनाचा आधार घेऊन पावसाळी सहलीत पोरांना कापडांवाचून नेणारे जे वीर मी पाहिले आहेत, त्यांची तितिक्षा बहुधा दुसऱ्याच्या अंगावर पारखलेली असे. तिसरे उत्तर दुकानदाराचे, आणि त्यात धर्म नसला तरी श्रद्धा भरपूर आहे: न जाणो, असू द्यावे. या तिन्ही उत्तरांत एक साम्य आहे. थंडी वाजण्यापूर्वीच ती ठरून गेलेली असतात.

याहून निराळे असे एक उत्तर बौद्धांच्या विनयपिटकात, महावग्गाच्या चीवरांविषयीच्या, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांविषयीच्या, प्रकरणात, आले आहे, आणि दुकानातील त्या फळीपुढे उभा असताना मला तेच आठवले. राजगृहाहून वैशालीकडे जाताना वाटेत बुद्धांना आपलेच भिक्षू भेटले. कोणाच्या डोक्यावर चीवरांची वळकटी, कोणाच्या पाठीवर, कोणाच्या कमरेवर, अशा बोज्याखाली ते वाकले होते. घर सोडून निघालेल्या माणसांची कपाटे त्यांच्यामागून चालत आली होती. बुद्धांना तेथल्या तेथे मर्यादा फर्मावता आली असती. बुद्धांनी तसे केले नाही. वैशालीला पोचल्यावर, माघ-फाल्गुनाच्या सांध्यावरच्या कडाक्याच्या रात्रींत, गोतमक चैत्यापाशी ते उघड्यावर एकच वस्त्र पांघरून बसले. पहिला प्रहर संपता संपता थंडी वाजू लागली. त्यांनी दुसरे वस्त्र घेतले. मधला प्रहर सरला, पुन्हा थंडी वाजली, तिसरे घेतले. शेवटचा प्रहर ओसरून पूर्वेला उजाडू लागले तेव्हा पुन्हा वाजली. चौथे घेतले, आणि मग वाजली नाही. सकाळी मर्यादा मुकर्रर झाली: दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक. रात्रीचे चार पदर तीन वस्त्रांत बसवले गेले, आणि त्यालाच त्रिचीवर हे नाव पडले.

या कथेतील तीन गोष्टींकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली ही की मर्यादा घालण्यापूर्वी मर्यादा घालणारा स्वतः थंडीत बसला. नियमाचा मसुदा त्याने आपल्या कातडीवर तपासून घेतला. दुसरी ही की तो सोसत बसला नाही. थंडी वाजली तेव्हा त्याने वस्त्र घेतले, आणि ती वाजेपर्यंत घेतले नाही. मध्यम मार्गावर जे ग्रंथ लिहिले गेले त्यांचे सार या हालचालीत आहे. भय वस्त्र आधी घेते, अहंकार ते घेतच नाही, आणि विवेक वेळेवर घेतो. डोंगरात चालणारे लोकही हेच सांगतात की निघताना थोडे गार वाटले पाहिजे, फ्लीस चढावर काढावे आणि थांबताक्षणी, अंग निवण्यापूर्वी, चढवावे. जो आळसाने हे दोन्ही टाळतो तो दोन्ही वेळा भिजतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. वस्त्रांची संख्या ठरवताना बुद्धांनी विचार केला तो चांगल्या घरांतून आलेल्या, सुकुमार, थंडीला भिणाऱ्या भिक्षूंचा. त्यांनाही इतक्यात निभावता येईल, म्हणून इतकी. कठोर साधकाला कदाचित दोन पुरली असती. संघाची मर्यादा मात्र सर्वांत अशक्ताच्या हुडहुडीवरून ठरली, आणि ज्या मर्यादेत दुबळ्याला जागा आहे तिलाच धर्म म्हणावे, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल की हे भिक्षू पावसात चालतच नव्हते. वर्षावासाचे तीन महिने त्यांनी एका ठिकाणी काढावे असा दंडकच होता, आणि आमच्या भाजे, बेडसे, कार्ले येथील विहारांच्या कातळी खोल्या त्याच आषाढ-श्रावणाची साक्ष देत आहेत. आक्षेप खरा आहे. आमच्याकडे तर पाऊस सुरू झाला की वारकरी घराबाहेर पडतो, आणि दिवे घाटात वरून सर कोसळत असताना डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी पाठीवर प्लास्टिकचा कागद टाकून चालत राहते. म्हणजे वैशालीचा आकडा सर्व देशांना आणि सर्व ऋतूंना लागू होणार नाही. परंतु हे विनयालाही ठाऊक होते. अवंती आणि दक्षिणापथ यांकडील जमीन कठीण, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली, म्हणून तिकडच्या भिक्षूंना अनेक पदरी तळाची पायताणे वापरण्याची मुभा त्याच ग्रंथात दिली आहे. आकडा स्थानिक, रीत सार्वत्रिक. जेथे चालावयाचे तेथली रात्र अंगावर घेऊन मग संख्या ठरवावी. सिंहगडावर एका पावसाळी संध्याकाळी, हजार मीटर चढले की सुमारे साडेसहा अंशांनी हवा निवते हे गणित मनात धरून, वाऱ्यात अर्धा तास बसून राहिल्याने हामट्याविषयी जेवढे कळेल तेवढे दुकानात कळणार नाही.

आणखी एक कैफियत नोंदवणे प्राप्त आहे. वस्त्र पुरे झाले की नाही, याचा निवाडा केवळ धारण करणाऱ्याच्या अंगावर संपत नाही. फ्लीस हे कापड अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, माल्डन मिल्स नावाच्या गिरणीत १९८०च्या आगेमागे घडले. ११ डिसेंबर १९९५च्या रात्री, मालक आरन फॉयरस्टीन यांनी वयाची सत्तर वर्षे पुरी केली त्याच दिवशी, ती गिरणी जळाली. आणि विम्याची रक्कम घेऊन स्वस्थ बसण्याचा किंवा धंदा स्वस्त मजुरीच्या मुलुखात हलवण्याचा मार्ग मोकळा असताना या श्रद्धाळू यहुद्याने गिरणी तेथेच पुन्हा उभारली आणि हात रिकामे बसलेल्या हजारांहून अधिक कामगारांना काही महिने पगार चालू ठेवला. उभारणीच्या कर्जाचा भार पुढे सोसवला नाही आणि २००१ साली गिरणीने दिवाळे काढले. व्यवहाराच्या ताळेबंदात हा तोटा आहे. पण आपल्याला किती पुरे हे ज्याने ठरवले होते त्याला दुसऱ्यासाठी किती लागेल हे दिसले, एवढे मात्र या तोट्याने सिद्ध केले. दुसरीकडे, टाकून दिलेल्या बाटल्यांपासून १९९३ सालापासून ज्याचा धागा निघू लागला ते हेच कापड धुताना झडत राहते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात एका कपड्याच्या एका धुण्यातून १९००हून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात जाऊ शकतात असे आढळले. ते नदीवाटे समुद्रात जातात. म्हणून भयापोटी घेतलेले दुसरे जाकीट केवळ आपल्याच खांद्यांना जड होते, असे समजण्याचे कारण नाही.

दुकानात मी भाच्याला यातले बहुतेक सांगितले नाही. गिऱ्हाइके खोळंबली होती. दोनशेचे एक फ्लीस, एक चांगला वारा-पाऊस अडवणारा कोट, आणि अंगालगतचे थर्मल दोन, एक चालण्याचे व एक झोपण्याचे, इतके कायम करून बाकीची कलमे मी त्याच्या फेरिस्तीतून खोडली. स्वेटर आणि पिसांचे जाकीट यांपैकी एक मुक्कामासाठी ठेव, म्हटले. त्याने आईचा स्वेटर ठेवला. तरी शंभरच्या पातळ फ्लीसवरचा त्याचा हात निघेना. "मामा, हे एक असू दे ना," तो म्हणाला. तेव्हा मी त्याला बुद्धांचा शिष्य आनंद याची गोष्ट सांगितली. त्रिचीवराचा नियम झाल्यावर आनंदाच्या हाती एक जादा चीवर आले, आणि ते सारिपुत्त या दुसऱ्या शिष्याला द्यावे असे त्याच्या मनात होते. परंतु सारिपुत्त दूर साकेतला होता. त्याला परतायला किती दिवस आहेत, बुद्धांनी विचारले. नऊ किंवा दहा, आनंद म्हणाला. त्यावरून जादा चीवर दहा दिवसांपर्यंत जवळ ठेवण्याची मुभा मिळाली. "घे," मी म्हटले, "पण ते कोरड्या थैलीत ठेव, आणि ते तुझं नाही असं समजून वाहा."

श्रावणात तो परतला. तळहाताला फोड, नाकावरची कातडी गेलेली, बाकी खुशाल. सामान उन्हात पसरताना पातळ फ्लीस दिसले नाही, म्हणून मी विचारले. खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामी, बालू का घेरा येथे, संध्याकाळपासून पाऊस लागला होता, आणि सामान वाहणाऱ्या खेचरांबरोबरचा पोरगा सुती सदऱ्यावर भिजून काकडत बसला होता. रात्री ते त्याच्या अंगावर गेले आणि परत मागावेसे वाटले नाही, इतकेच भाच्याने सांगितले. सबंध पदयात्रा सहा दिवसांची होती. दहा दिवसांची मुदत भरण्यापूर्वीच चौथे वस्त्र आपल्या धन्याकडे रुजू झाले होते.